मुकं पाणी

मोतीलालभाऊंना गप्प बसलेलं पाहिलंय का, असं बुऱ्हाणपूरच्या बुधवारा बाजारात कुणालाही विचारा. लोक आधी हसतील आणि मग काळजीनं विचारतील, "का हो, तब्येत बरी नाही का त्यांची?" भांड्यांचं दुकान आहे त्यांचं. गिऱ्हाईक येतं कढई घ्यायला, आणि जाताना कढई, झारा आणि आपल्या मेव्हण्याचं लग्न कुठे जमवावं याचा फुकट सल्ला घेऊन जातं. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत शिरतं, तिथून खानदेशीत उतरतं, आणि संपायचं म्हणाल तर संपतच नाही. समोरचा सराफ दुपारी डुलकी घ्यायची असली की आपल्या दुकानाची काच ओढून घेतो. माणूस मात्र लाखात एक. कुणाकडे काही अडलं-नडलं की सगळ्यात आधी धावतात ते हेच, फक्त धावताना बोलत असतात.

आणि अशा माणसाच्या घरात देवीनं रीत ठेवावी ती कोणती? मुक्या पाण्याची!

त्याचं असं आहे. नवरात्रात अष्टमीला त्यांच्याकडे कुळाचार असतो, आणि त्या पूजेला आंबझिऱ्याचंच पाणी लागतं. आंबझिरा म्हणजे सातपुड्याच्या रानातला एक धबधबा. त्याच्या कडेला कपारीत देवीचा तांदळा, म्हणजे नुसती गोल शिळा, आहे. सप्तमीला घरातल्या कर्त्या पुरुषानं तिथं जायचं, तांदळ्यापुढे तांब्याची कळशी भरायची, वर लाल फडकं बांधायचं आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरून डोंगर उतरायचा. खाली पायथ्याशी शेंदूर लावलेला दगड आहे, तिथं पोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललात की पाणी उष्टं झालं. ते मुकाट्यानं एखाद्या झाडाला घालायचं आणि परत वर जायचं. बंधन फक्त कळशी धरणाऱ्याला. सोबत्यानं खुशाल गाणी म्हणावीत.

वडील थकल्यापासून मोतीलालभाऊच पाणी आणत आले. आता स्वतः पासष्टीला टेकले, पण एकदाही पाणी उष्टं झालं नाही. सुलभाताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, शेजारणींना सांगतात, "वर्षातनं तेवढा एक दिवस माझ्या नवऱ्याला देवी धरून ठेवते, म्हणून तर मी तिचे नऊ उपास करते."

या वर्षी सोबतीला मोनाली होती. घरात नवी सून आली की पहिल्या नवरात्रात ती पाण्याला सोबत जाते. देवीनं तिला एकदा डोळे भरून पाहावं, म्हणून.

मोनाली वैशाखात या घरात आली, अक्षयची बायको म्हणून. पोरगी हुशार, कामाला चटपटीत, वागायला गोड. कुठे नाव ठेवायला जागा नाही. पण तेव्हापासून आजपर्यंत तिनं सासऱ्यांना एकदाही हाक मारली नव्हती. जेवायला वाढलं की दारात येऊन उभी राहायची आणि हातातल्या बांगड्या वाजवायची. फोन आला तर म्हणायची, "फोन आलाय." कुणाला, तर भिंतीला! "हो", "नाही", "ठेवू का", "आणू का", एवढ्यावर तिचा सासऱ्यांशी संसार चालला होता.

मोतीलालभाऊंच्या जिवाला ते फार लागलं होतं. त्यांना मुलगी नाही. अक्षयचं लग्न ठरलं तेव्हा "बहू नहीं, बेटी ला रहे हैं" असं त्यांनी बाजारभर सांगितलं होतं. सगळेच सांगतात, पण यांनी जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं, आणि मुख्य म्हणजे ते मनापासून होतं. आता बेटी घरात होती आणि तिच्या तोंडून त्यांच्यासाठी एक शब्द निघत नव्हता. आपण तिला आवडत नाही, हे त्यांनी मनाशी धरलं. मग तिला आवडावं म्हणून ते आणखी बोलायला लागले. ती आणखी गप्प झाली.

एकदा न राहवून त्यांनी सुलभाताईंना विचारलं, "काय गं, ती माझ्याशी का बोलत नाही?"

"तुम्ही बोलू देता का?" सुलभाताई म्हणाल्या. "ती तोंड उघडेपर्यंत तुम्ही तिच्या वाट्याचंही बोलून टाकता."

यावर मोतीलालभाऊ बराच वेळ गप्प बसण्याच्या फायद्यांबद्दल बोलत राहिले.

सप्तमीच्या सकाळी स्कूटरवर सून मागे, कळशी पुढे पायांशी, असे दोघे लोधीपुऱ्यातल्या घरून निघाले. अक्षयला रजा नव्हती. ऊन कोवळं होतं. शहर मागे पडलं तशी दोन्ही अंगांना केळीची शेतं लागली, मग कपाशी. बोंडं नुकती फुटायला लागली होती. मोतीलालभाऊ मान वळवून वळवून सांगत होते, हे कुणाचं शेत, त्याचा थोरला काय करतो, धाकट्याचं कुठे बिनसलं. अर्धं वारा घेऊन जात होता. "हो," मागून मोनाली म्हणत होती. "हो का."

पायथ्याच्या पाड्यावर शेवटचं घर निंबा नावाच्या जुन्या ओळखीच्याचं. मोतीलालभाऊंची गाडी वर्षानुवर्षं त्याच्याच अंगणात लागते. त्यानं मोनालीकडे पाहून हात जोडले आणि भाऊंना म्हणाला, "सून का? चांगलं झालं. जा सावकाश, झिरा औंदा भरून आहे."

शेंदऱ्या दगडाला नमस्कार करून दोघं चढायला लागली. आश्विनातलं रान काय सांगावं! पाऊस सरलेला, चिखल वाळलेला, आणि हिरवं अजून उतरलेलं नाही. गवत कमरेएवढं वाढून शेंड्याला पिवळं पडत होतं. कुर्डूचे गुलाबी तुरे वाटेच्या दोन्ही कडांना उभे होते. सागाची पानं एखाद-दुसरी खाली येत होती, ताटाएवढी. कुठे माणूस नाही, गाडीचा आवाज नाही. नुसतं ऐकत राहावं असं सगळं.

ऐकू कुणी द्यायचं पण? मोतीलालभाऊंनी वाटभर पट्टा चालू ठेवला. ही सालई, हा मोह, हा तेंदू. इथं आमचे वडील घसरले होते, तिथं अक्षय लहानपणी रडत बसला होता. हे कुसळी गवत, सलवारीला चिकटेल, जरा सांभाळून. पुढे उतरताना तास-दीड तास तोंड बंद ठेवायचं तर आत्ताच सगळं उरकून घ्यावं, असा हिशेब असावा. मोनाली मागून चालत होती, सलवारीची कुसळं काढत. एकदोनदा तिनं काही बोलायला ओठ उघडलेही. पण पुढून नवीन झाड यायचं.

धबधबा दिसण्याआधी ऐकू आला, आणि मग झाडी सरून एकदम समोर आला. फार उंच नाही, पण रुंद, काळ्या कातळावरून पांढरा पडणारा. खालच्या डोहात आकाश उतरलेलं. दोघांनी पाण्यात पाय सोडून राजगिऱ्याचे लाडू आणि केळी खाल्ली. मोनालीनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि डोळे मिटून नुसती बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मोतीलालभाऊंनी घरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

मग तांदळ्याला हळदकुंकू झालं. मोनालीनं ओटी ठेवली. भाऊंनी कळशी बुडवली, फडकं बांधलं, कळशी छातीशी धरली आणि ओठ मिटले.

पहिला टप्पा दोघंही मुक्यानंच उतरली. पाखरांचे आवाज आता कुठे ऐकू यायला लागले. थोडं खाली आल्यावर बुऱ्हाणपूरच्या कॉलेजची चार पोरं भेटली, पाठीवर बॅगा, हातात मोबाईल. त्यातला एक भाऊंना म्हणाला, "अंकल, झरना और कितना दूर है?"

भाऊंनी हनुवटीनं वरची दिशा दाखवली. पोराला कळेना. "मतलब आधा घंटा? ज्यादा?" भाऊंनी भुवया उडवल्या, डोळे मोठे केले, खांदा हलवला. आतून सबंध रस्ता, प्रत्येक वळणासकट, बाहेर यायला धडपडत होता. चेहरा लालबुंद झाला.

"अंकल बोल नहीं सकते क्या?" पोरानं हळूच मोनालीला विचारलं.

"आज नहीं," मोनाली म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना. ती पोरांना रस्ता सांगत होती आणि मध्येच हसत होती. पोरं गेली तरी हसत होती. भाऊंनी ते हसणं पहिल्यांदाच ऐकलं. चांगलं खळखळून होतं.

मग हसू ओसरलं आणि ती बोलायला लागली. कशी कोण जाणे, पण लागली. भाऊ पुढे, ती मागे. तोंडासमोर चेहरा नव्हता, नुसती पाठ होती, म्हणूनही असेल.

"आज तुम्ही मध्ये बोलणार नाही, म्हणून सांगते हं," ती म्हणाली. "नाहीतर मला जमायचं नाही."

भाऊंनी पाऊल थोडं हळू केलं.

"माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. मी तीन वर्षांची असताना गेले. मग आई मला घेऊन मामांकडे आली. मामा वाईट नव्हते हां. खूप केलं त्यांनी आमचं. पण त्यांची कायम नाईट ड्यूटी. दिवसभर ते झोपलेले. घरात आवाज करायचा नाही, हाक मारायची नाही. काही हवं असलं तर जवळ जाऊन उभं राहायचं, असं आईनं शिकवलं. तेच अंगात बसलं. आता तुमच्याकडे सगळे एकमेकांना वरच्या मजल्यावरून ओरडून हाका मारतात. मला आवडतं ते. पण मला ओरडता येत नाही."

बांगड्या का वाजत होत्या, ते भाऊंना आत्ता कळलं. त्यांना वळून बघावंसं वाटलं. पण वळलं तर ती थांबेल, म्हणून ते चालत राहिले.

"अक्षय म्हणाला, पापा म्हण. मी रोज ठरवते. सकाळी चहा देताना म्हणायचंच. चहा देते आणि शब्द इथे अडतो. तो शब्द मी कधी कुणाला म्हटलाच नाही ना. वडिलांना मी काय म्हणायची, तेसुद्धा मला आठवत नाही. शाळेत मुली म्हणायच्या, आमचे पापा असे, आमचे पापा तसे. मी घरी येऊन आरशासमोर म्हणून बघायची. कसंतरीच वाटायचं, दुसऱ्याची वस्तू घेतल्यासारखं."

वाट शेवटच्या उताराला लागली होती. सागांमधून खाली निंबाचं छप्पर दिसायला लागलं, आणि त्याच्या अलीकडे शेंदऱ्या दगडाचा ठिपका. आता फार राहिलं नव्हतं.

"आता इतके महिने झाले," मोनालीचा आवाज बारीक झाला. "आता एकदम म्हटलं तर तुम्हाला नाटक वाटेल. वाटेल ना?"

भाऊ थांबले.

"नका सांगू," ती घाईनं म्हणाली. "सांगता येणार नाही म्हणूनच तर विचारलं. खाली गेल्यावर मी परत नाही विचारणार. मला तेवढी हिंमतच नाही."

मोतीलालभाऊ कळशी धरून उभे राहिले. दगड समोर दिसत होता. तिथवर जायचं आणि बोलायचं, एवढंच तर होतं. पण त्यांना स्वतःचीही खोड ठाऊक होती. तिथं पोचले की त्यांचं तोंड धरण फुटल्यासारखं सुटणार, आणि ही पोरगी त्या लोंढ्याखाली पुन्हा "हो", "हो का" करत बसणार. दार आत्ता किलकिलं झालं होतं. खाली पोचेपर्यंत लागून जाणार. एकीकडे वडिलांपासूनची रीत, उद्याची अष्टमी, एवढ्या वर्षांचं अखंड मौन. आणि दुसरीकडे पाठीमागे उभी असलेली ही, उत्तर नको म्हणत उत्तराची वाट बघणारी.

ते वळले.

"नाही वाटणार," ते म्हणाले. "म्हण, बेटा."

आणि तेवढंच बोलून थांबले. आयुष्यात पहिल्यांदा!

मोनालीची नजर कळशीवर गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "अहो, पाणी! माझ्यामुळे झालं सगळं. मी कशाला बोलले!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण असं करू, कुणाला नको सांगायला. इथं कोण आहे ऐकायला? मी आईंनापण नाही सांगणार. देवाशप्पथ."

"हे बघ," भाऊ म्हणाले, "पोचा आलेला डबा मी आतून ठोकून नवा म्हणून विकतो. विकतो, खोटं कशाला बोलू? पण तो दुकानात. देवीला नाही विकत." त्यांनी फडकं सोडलं, वाटेकडेच्या कोवळ्या पळसाच्या बुडाशी कळशी उपडी केली आणि रिकामी कळशी काखेत मारली. "चल. दिवस आहे अजून."

"तुमचे गुडघे दुखतात."

"दुखू दे. त्यांचं कोण ऐकतं!"

आता रिकाम्या कळशीला बोलायला बंदी नव्हती. भाऊंना वर जाताना मोकळं रान होतं. आणि रानात न सांगितलेल्या गोष्टीही पुष्कळ शिल्लक होत्या. पण ते बोलले नाहीत. तोंडाशी आलेलं झाड त्यांनी दोनतीनदा गिळलं. "मग?" एवढंच म्हणाले. "मामांचं मग काय झालं?" आणि मोनाली सांगत राहिली. मामांच्या मांजराचं, आईकडून ऐकलेल्या भुसावळच्या क्वार्टरचं, कॉलेजात नाटकात काम मिळालं आणि आवाज पोचत नाही म्हणून काढून घेतलं त्याचं. सांगताना ती कधी पुढे जायची, वळून उलटी चालायची, हातवारे करायची. भाऊंच्या मनात आलं, ही आपल्यापेक्षा कमी नाही! इतके दिवस हे सगळं कुठे ठेवलं होतं पोरीनं? गुडघे ठणकत होते, आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

डोहावर कॉलेजची पोरं अजून होती. भाऊंना परत आलेलं बघून ती सगळी चकित झाली. भाऊंनी त्यांना फक्त हात केला. तांदळ्यापुढे वाकून मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणाले, कळशी बुडवली, फडकं बांधलं आणि ओठ मिटले.

या खेपेला मागून आवाज नव्हता. मोनाली बोलून बोलून रिती झाली असावी. भाऊ वाट बघत होते. आता म्हणेल, त्या वळणावर म्हणेल. वळण गेलं. मग त्यांनी मनाची समजूत घातली. असू दे. नाही म्हटलं तरी काय बिघडतं? बोलली, हसली, एवढं सांगितलं तिनं. घाई कशाला? झाडाला पाणी घातलं म्हणून त्याच दिवशी पान फुटतं का?

मध्ये एक ओहोळ लागतो. त्यातल्या सपाट दगडावर भाऊंनी पाऊल उचललं, आणि मागून एकदम आवाज आला, चांगला खणखणीत.

"पापा, तिथे नको! शेवाळ आहे. डावीकडून या."

भाऊंचा पाय हवेतच राहिला. मग त्यांनी तो डावीकडे ठेवला. ओहोळ ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. वळून बघायची छाती होईना.

मोनालीही ओहोळाच्या त्या काठावर थबकली होती. आपल्या तोंडून काय गेलं ते तिला आत्ता ऐकू आलं होतं.

"पापा," ती पुन्हा म्हणाली. जरा दबकत, चव घेऊन बघितल्यासारखं. "ऐकू आलं ना?"

भाऊंनी जोरजोरात मान हलवली.

"पापा, मान नका हलवू. पाणी सांडेल."

भाऊंनी मान स्थिर केली.

आणि मग पोरीच्या अंगात काय खट्याळपणा शिरला देव जाणे. ती ओहोळ उडी मारून ओलांडून आली आणि भाऊंच्या मागे-मागे चालत सुरूच झाली. "पापा, हे झाड कोणतं? ... पापा, सांगा ना. ... सकाळी तर सगळी माहीत होती! ... पापा, पाखरू बघा. ... पापा, चिडलात का?"

कळशीला दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे भाऊंना डोळे पुसता येत नव्हते. पाणी गालावरून मिशीत, मिशीतून हनुवटीवर उतरत होतं. ओठ मात्र त्यांनी गच्च मिटून धरले होते. पाड्यावर निंबानं त्यांना लांबूनच येताना पाहिलं आणि तो काळजीनं पुढे आला. बघतो तर म्हातारा रडतोय आणि मागून सून हाका मारतेय, मोठमोठ्यानं, काही काम नसताना.